पाठमोरी

१२ फेब्रुवारी

डावा हात भाजला म्हणून निदान लिहिता तरी येतंय.

काल दुकानात एका बाईंच्या चष्म्याची दांडी वळवायची होती. त्यासाठी आमच्याकडे तापलेल्या बारीक मण्यांचं भांडं असतं. फ्रेम क्षणभर त्यात खुपसायची, मऊ झाली की हवी तशी वळवायची. हे काम मी इतकी वर्षं गप्पा मारत मारत करत आलेय. काल फ्रेमबरोबर हातही आत गेला आणि आतच राहिला. ह्यांनी काचा घासायचं सोडून धावत येऊन तो ओढून काढला. "अगं हात! हात काढ!" म्हणून हे ओरडत होते म्हणे, आणि मी अगदी शांतपणे "हो, हो" म्हणत होते म्हणे.

मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मग "हो, हो" म्हणत होतं कोण?

ही तंद्री ह्यांना नवी, मला नाही. आज सगळं सांगावं लागलं. सगळं म्हणजे निम्मं. उरलेलं इथे लिहिते.

आधी ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येतो. आसपास लाकडाचा पत्ता नसतो. मग झोका वर गेल्यावर होतं तसं पोटात होतं, आणि मी एका स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. दुपार आहे. तिरकं ऊन फरशीवर पडलंय. खिडकीशी एक बाई पाठमोरी बसून पिवळं कापड शिवतेय. अंगात निळं स्वेटर, मान खाली. ती गुणगुणतेय, पण तोंड मिटून, नाकातल्या नाकात. दाराची मूठ माझ्या कपाळाशी येते, एवढी मी लहान आहे. आणि ती आई आहे. चेहरा दिसत नाही, कुणी सांगत नाही, तरी ते ठाऊक असतं. मी मी आहे हे जसं ठाऊक असतं, तसंच. आता ती वळणार असं वाटतं, अगदी आता, आणि तेवढ्यात सगळं विझतं.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिचा चेहरा मला आठवतो असं मी लोकांना सांगते. खरं तर मला फोटो आठवतो. ती पाठमोरी का होईना अधूनमधून भेटत होती, ते कुणाला सांगून कशाला नासवायचं?

१९ फेब्रुवारी

डॉक्टरबाई माझ्याहून बऱ्याच लहान आहेत आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरतो. त्या काय सांगताहेत त्यापेक्षा माझं लक्ष त्या चष्म्याकडेच.

त्या म्हणाल्या, "ही फिटच आहे. प्रत्येक फिटमध्ये माणूस खाली पडून हातपाय झाडतोच असं नाही." कानाच्या वर, पण आत खोल, मेंदूचा एक भाग असतो. आठवणी, वास, ओळख पटणं, असली कामं तिथे चालतात. तिथल्या पेशी मधूनच एका तालात विजेचे ठोके द्यायला लागतात, आणि मग जे दिसतं ते दिसतं.

ह्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. हे यंत्रांचे माणूस. कुठला स्क्रू सैल झालाय ते कळलं की निम्मं दुखणं बरं. बाहेर पडताना म्हणाले, "म्हणजे शॉर्टसर्किट आहे गं. होईल दुरुस्त." आईला शॉर्टसर्किट म्हटल्यावर काय बोलायचं?

मी जन्मभर लोकांचे डोळे तपासले. भिंग, त्यामागे पडदा, पडद्यामागे नस, एवढं मला पाठ आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "हां, आता स्वच्छ दिसतंय," की माझं काम संपतं. स्वच्छ दिसतं ते आत नक्की कुणाला, हे मी आजवर एकालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर गिऱ्हाईक परत आलं नसतं.

८ मार्च

गोळ्यांनी दिवसभर कापूस भरल्यासारखं डोकं. झोप येते, तंद्री मात्र थांबत नाही. आठवड्यात दोनदा आली.

आत्या दर जेवणानंतर "गोळी घेतलीस?" म्हणून पिच्छा पुरवते. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यावर ती आमच्याकडे आली, शिवणकाम करून तिने घराला हातभार लावला, दादाला आणि मला वाढवलं. आता ऐंशीच्या पुढे आहे आणि आमच्याच खालच्या खोलीत राहते. अजून उशांचे अभ्रे शिवते. तोंडात टाचण्या धरायच्या आणि नाकातल्या नाकात गुणगुणायचं, ही सवय काही जात नाही. हल्ली मला ते गुणगुणणं सहन होत नाही.

"टाचणी गिळशील एक दिवस," म्हटलं.

तिने टाचण्या काढून उशीत खुपसल्या आणि म्हणाली, "तुझं लग्न झालं, पोरगी परदेशी गेली, तोवर नाही गिळली. आता काय गिळते!" आणि पुन्हा सुरू.

५ एप्रिल

इस्पितळात आहे. फिट कुठून सुरू होते ते शोधायला डोक्यातून बारीक तारा आत सोडल्यात, बाहेरून पट्ट्यांचं मुंडासं. ह्यांनी फोटो काढायचा विचार केला, माझं तोंड बघून फोन खिशात ठेवला.

परवा इथे फिट आली ती कॅमेऱ्यात आली. डॉक्टरबाईंनी दाखवली. पलंगावर एक बाई बसलीय, तोंड चघळल्यासारखं हलतंय, दोन बोटांनी चादरीची कड दुमडतेय, पुन्हा पुन्हा. डोळे उघडे. घरात दिवा चालू आहे आणि माणूस बाहेर गेलंय, तसा चेहरा. ती मी. आणि त्याच वेळी मी ऊन पडलेल्या फरशीवर उभी होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

शेजारच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रेषा होत्या. डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं, "इथे सुरू झालं."

मी विचारलं, "आई कुठल्या रेषेत आहे?"

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "रेषेत नाही. ह्या पेशी एकदम बोलायला लागल्या की तुम्हाला ती दिसते आणि गप्प झाल्या की दिसत नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगेन. पण पेशी बोलल्या तर त्याची दुपार का व्हावी, आणि ती दुपार तुमचीच का वाटावी, हे मला येत नाही. काही जण म्हणतात, अजून खोल मोजलं की कळेल. काही म्हणतात, ते मोजून कळणारच नाही."

"आणि तुम्ही?"

"मी सोमवारी एक म्हणते, गुरुवारी दुसरं."

हे मला आवडलं. आज मात्र त्यांनी भलतंच केलं. म्हणाल्या, "एका तारेतून अगदी थोडा प्रवाह सोडते. काय होतं ते सांगा." मी म्हटलं, सोडा.

लाकूड. झोका. दुपार. आई.

बटण दाबलं आणि आई आली! दार वाजवलं की आतून कुणी यावं तशी. पण वळायच्या आत त्यांनी बोट उचललं.

"पुन्हा एकदा," मी म्हटलं.

"नाही."

"फक्त एकदा. ती वळणार होती."

"हे खेळणं नाही," त्या म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो भाग काढता येईल, आकाराने अक्रोडाएवढा आहे, असं नंतर ह्यांना सांगत होत्या. मी झोपेचं सोंग घेतलं.

७ एप्रिल

दादा भेटायला आला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला कधी नव्हे ते सगळं सांगितलं. तो एकदम सरसावून बसला.

"पिवळा पडदा? खिडकी ओट्याच्या उजवीकडे?"

"हो!"

"आणि सुताराचा वास?"

"हो रे दादा!" मला इतका आनंद झाला. म्हटलं, चला, आणखी एकाला आठवतंय.

"रंध्याचे ते कुरळे ढलपे तू कानात अडकवून हिंडायचीस. सुतार तुला राणीसाहेब म्हणायचा. एकदा तू त्याच्या पेटीत जाऊन झोपलीस, हत्यारांवर, आणि आम्ही सगळं घर पालथं घातलं." आम्ही दोघं हसलो. किती दिवसांनी. मग तो हसायचा थांबला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

"अगं पण," तो म्हणाला, "ते दुसरं घर. आई गेल्यावर आपण तिथे राहायला गेलो. बाबांनी स्वयंपाकघरात नवी कपाटं करून घेतली म्हणून सुतार होता. आईने ते घर पाहिलंच नाही."

"तुझ्या डोक्यात गोंधळ झालाय."

"मी अकरा वर्षांचा होतो. सामानाच्या गाडीत पुढे बसलो होतो. पहिल्या घरात खिडकीखाली गटार आणि समोर उंच भिंत होती, तिथे ऊन कुठलं यायला?"

मी त्याला जायला सांगितलं. नीट सांगितलं नाही.

८ एप्रिल

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "असं होऊ शकतं. ओळख पटणं ही वेगळी भावना आहे. समोर कुणी नसतानाही ती पेटू शकते. काही जणांना परक्या खोलीत शिरल्यावर एकदम आपल्या घरी आल्यासारखं वाटतं."

म्हणजे खोली दुसऱ्या घरातली, बाई कुठलीतरी, आणि 'आई' हे लेबल विजेने चिकटवलेलं. आजवर मला भेटत होतं ते हे. आणि ती खात्री जर अशी बटणावर येत असेल, तर मी मी आहे ह्या खात्रीचं काय? तिचंही बटण असणार कुठेतरी.

घरी गेल्यावर ऑपरेशनचं बघू, असं सांगितलं. सगळे वैतागले. खोटी तर खोटी, पण माझ्याकडे दुसरी आई नाही.

२ मे

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

आत्याला जेवायला वर आणत होते. जिन्यात तिचा दंड माझ्या हातात. ती नेहमीप्रमाणे गुणगुणत होती. लाकडाचा वास आला. मला वाटलं, थांबावं, कठड्याला धरावं. वाटलं एवढंच.

ऊन, फरशी, निळं स्वेटर.

भानावर आले तेव्हा मी जिन्यात उभी होते, हात तसाच, दंड धरल्यासारखा, पण त्यात काही नव्हतं. आत्या खाली पायरीशी बसलेली, मनगट वाकडं झालेलं, तोंड पांढरंफटक. आणि मला बघून म्हणते, "तू बरी आहेस ना गं?"

हाड मोडलंय. प्लास्टर घातलं. सारा वेळ ती डॉक्टरांना सांगत होती, माझाच पाय घसरला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

जी कधी नव्हतीच तिच्याकडे बघत मी उभी होते, आणि जी होती तिचा हात सोडला. संध्याकाळी डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं, काढा तो अक्रोड.

९ जून

उद्या ऑपरेशन. काही शब्द अडतील, काही आठवणी पुसट होतील, असं सांगितलंय. कुठल्या ते त्यांनाही माहीत नाही. सामान आवरताना आपल्या मनातून काय टाकलं जाणार ते आपल्याला कळू नये, ही गंमतच.

ह्यांनी बॅग भरली. दोनदा भरली. मग पलंगाच्या कडेला बसून एकदम विचारलं, "तिकडे मी असतो का गं कधी?"

मला हसूच आलं. "मी तिथे पाच वर्षांची आहे हो. तुम्ही कुठून असणार?"

हेही हसले. मग माझा चष्मा घेऊन पुसत बसले. मघाशीच पुसला होता तो. दमले असावेत.

आत्याने एका हाताने माझी वेणी घालायचा हट्ट धरला. उद्या केस कापणारच आहेत, म्हटलं. "उद्याचं उद्या," म्हणाली. वेणी इतकी वाकडी झाली की आम्ही दोघी खोखो हसलो. लहानपणी शाळेत जाताना ती इतकी घट्ट वेणी घालायची की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या. दिवसभर मी चकित दिसायचे. बाई विचारायच्या, काय गं, काय झालं?

२१ जून

लिहिता येतंय. अक्षर कोंबडीचे पाय.

शुद्धीवर येताना आधी कळलं ते 'दुखतंय'. 'मला दुखतंय' हे नंतर आलं. मधे थोडा वेळ दुखणं होतं आणि मी नव्हते. डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्यांनी खुर्ची ओढून मला तीन-तीनदा विचारलं. म्हणाल्या, "त्या मधल्या वेळाबद्दल कुणी मला नीट सांगितलं तर मी बाकी सगळं सोडून ऐकत बसेन." मला तेवढंच सांगता आलं.

१६ ऑगस्ट

फिट नाही. एकही नाही. हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, चष्मा घ्यायला आलेल्या माणसाचा काय संबंध! शब्द अडतात. काल चिमट्याला 'ते पकडायचं' म्हणाले. ह्यांनी न बोलता हातात दिला. असं आता आमचं चाललंय आणि मला ते आवडतं, हे ह्यांना सांगितलेलं नाही.

पण दुपारी करमत नाही. बाजाराच्या मागे एक सुतार आहे. आज त्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि खोल श्वास घेतला. वास आला. लाकडाचा. बस्स.

सुतार म्हणाला, "काय हवंय बाई?"

"काही नाही. वास घ्यायला आले."

"घ्या की," म्हणाला, "आणखी हवा असला तर आत या."

मला वाटलं होतं ते गेलं की सुटले म्हणेन. सुटलेच. पण ते स्वयंपाकघर आता मला आठवावं लागतं, इतर कुठल्याही गोष्टीसारखं. पूर्वी मी तिथे जायचे. आता मी तिथे गेले होते, एवढंच. दादाला फोन केला. त्या दिवशीचं काही बोललो नाही. त्याने सुताराच्या पेटीची गोष्ट पुन्हा सांगितली आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

३ सप्टेंबर

आज आत्याकडे चहाला खाली गेले. प्लास्टर निघालं तरी मनगट नीट वळत नाही, म्हणून चहा मीच टाकते. काय मनात आलं कोण जाणे, तिला सगळं सांगितलं. तिला आजवर त्या स्वयंपाकघराबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं; मी फिटमध्ये काय बघते हे तिने कधी विचारलंही नव्हतं. शेवटी म्हटलं, "दादा म्हणतो आई त्या घरात नव्हतीच. मेंदूने रचलेलं होतं सगळं."

आत्याने हातातला अभ्रा बाजूला ठेवला.

"पिवळ्यावर पांढरे ठिपके होते," ती म्हणाली. "पडद्यातून उरलं त्याचा तुला फ्रॉक शिवला."

मी गॅस बारीक करून तिच्याकडे वळले.

"ती मी गं. माझं सामान अजून यायचं होतं आणि थंडी मरणाची. तुझ्या आईचं निळं स्वेटर खुंटीवर होतं ते घातलं. पडदे शिवत होते. तू झोपून उठलीस आणि दारात येऊन हाक मारलीस. 'आई.' विचारल्यासारखी नाही हं. सापडल्यासारखी."

"मग?"

"मग काय? म्हटलं, वळले की संपलं. जोवर वळत नाही तोवर पोरीला आई आहे. तोंडात टाचण्या होत्या, बोलता येत नव्हतंच. नुसती गुणगुणत राहिले, तुझी आई गुणगुणायची ते. माझी मैत्रीण होती ती, तुझ्या बापाने तिला बघितलं त्याच्या आधीपासून. तू कितीतरी वेळ उभी होतीस. मग आपली आपण खेळायला गेलीस."



त्या रेषा, त्या तारा, ते बटण, सगळं खरं होतं. दादाचंही खरं होतं. पण ती दुपार मेंदूने रचली नव्हती. ती आत्याने रचली होती, मान न वळवता, आणि माझ्या मेंदूने फक्त सांभाळून ठेवली होती. आई कधी वळलीच नाही, कारण आत्या वळली नाही.

"संध्याकाळी मला विचारलंस," आत्या म्हणाली, "आई मघाशी होती ना?"

"तू काय सांगितलंस?"

"होती म्हटलं." ती पदराशी चाळा करत राहिली. "खोटं बोलले का गं मी?"

मी खुर्ची ओढून तिच्या पुढ्यात बसले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कपाळावरची ती आडवी रेघ, डाव्या भुवईतला पांढरा केस, वरच्या ओठावर टाचण्यांनी पडलेल्या बारीक खुणा. इतकी वर्षं हे सगळं समोर होतं.

"काय बघतेस अशी? नाकाला काही लागलंय का?"

"चष्मा तिरका झालाय तुझा," म्हटलं. "दे इकडे."

दांडी हातानेच जराशी वळवली, काचा पुसल्या आणि दोन्ही हातांनी तिच्या कानांवर बसवला.

"आता नीट दिसतंय?"

"मला तू कधीचीच दिसतेस," ती म्हणाली. "चहा गाळ. कडू होईल."